गाडी विकणे नाही

आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर एक कागद चिकटवायचा माझा विचार आहे. 'विकणे आहे' अशी पाटी लावलेल्या गाड्या आपण रस्तोरस्ती पाहतो. माझ्या कागदावर 'विकणे नाही' असं असेल. आमच्या हिचं म्हणणं, लोक हसतील. हसू देत बापडे! निदान विचारायचे तरी थांबतील.

कारण आमच्या गाडीला आठ वर्षं झाली, हा आता निम्म्या साताऱ्याच्या काळजीचा विषय झाला आहे. बँकेतले मॅनेजरसाहेब, खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, एवढंच काय, दर महिन्याला पेन्शन काढायला येणाऱ्या एक आजीसुद्धा काउंटरच्या खिडकीतून विचारतात, "अजून तीच गाडी का रे बाबा?" बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला तिसऱ्यांदा बसलेल्या मुलाला लोक ज्या सुरात 'अजून चालूच का?' म्हणतात, तोच हा सूर. (मी दुसऱ्यांदा बसून सुटलो होतो, पण तो विषय वेगळा.) २०२५ साली सरकारी हुकुमाप्रमाणे मी गाडीला नवी नंबरप्लेट बसवून आणली, तर वकीलसाहेब गॅलरीतून ओरडले, "वा! घेतलीत वाटतं शेवटी!" नंबर तोच आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला, की त्यांची केस मीच हरवली असं मला वाटलं.

आता आधी ही गाडी काय चीज आहे ते सांगतो. २०१७ च्या दसऱ्याला, म्हणजे ३० सप्टेंबरला, आम्ही ती घरी आणली. तिला 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. कंपनीचं नाव सांगत नाही. स्तुती केली तर कमिशन घेतलं म्हणतील आणि निंदा केली तर नोटीस यायची. एसयूव्ही म्हणजे स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल. तिच्या जाहिरातीत एक दाढीवाला तरुण ती घेऊन लडाखच्या बर्फात जातो आणि डोंगराकडे बघत उभा राहतो. आमची गाडी आठ वर्षांत राजवाड्याच्या मंडईत गेली, दवाखान्यात गेली, आणि वर्षातून चार वेळा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळच्या आमच्या गावी गेली. डोंगराकडे बघायला आम्हीही थांबलो आहोत, पण ते मुलीला घाटात मळमळतं म्हणून.

पण गंमत पुढेच आहे. जिला सारं जग एसयूव्ही म्हणतं, तिला सरकार एसयूव्ही मानतच नव्हतं! २०१७ साली जीएसटी आला तेव्हा सेस लावण्यासाठी सरकारने एसयूव्हीची व्याख्या केली होती : इंजिन १,५०० सीसीच्या वर, लांबी ४ मीटरच्या वर आणि जमिनीपासून पोटापर्यंतची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. तिन्ही विषयांत पास व्हायला हवं. आमची गाडी पोटाच्या उंचीत फर्स्ट क्लास, इंजिन १,२०० सीसीच्या आतलं, म्हणून तिथे नापास, आणि लांबी? चार मीटरला पाच मिलिमीटर कमी! बाटाच्या चपलेच्या किमतीसारखी. ही अक्कल गाडी बनवणाऱ्यांना २००६ च्या बजेटने शिकवली. चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांची एक्साइज तेव्हा २४ टक्क्यांवरून १६ वर आली, आणि तेव्हापासून आपल्या देशात गाड्यांची शेपटं कापली जाऊ लागली. म्हणजे बघा, पुढून पाहावं तर हत्ती, मागून पाहावं तर ससा, आणि टॅक्सच्या फॉर्मवर 'छोटी कार'. मी स्वतः बाहेर 'बँकेतले साहेब' आणि बँकेत क्लार्क असल्यामुळे मला या गाडीबद्दल पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली.

ती घेतली बँकेच्या स्टाफ लोनवर. सात लाख रुपये, सात वर्षं. ऑन-रोड किंमत नऊ लाख चाळीस हजार. उरलेल्या रकमेत प्रॉव्हिडंट फंडाचा काही भाग, हिची एक भिशी आणि आप्पांनी न विचारता पुढे केलेलं एक पाकीट. सात वर्षं दर महिन्याला पगारातून हप्ता कापला गेला. आर. सी. बुकावर मालक म्हणून माझं नाव आणि त्याच्याखाली बँकेचा बोजा. म्हणजे कायद्याने पाहता सात वर्षं मी साहेबांची गाडी चालवीत होतो. शेवटचा हप्ता गेला तो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. फॉर्म ३५ वर बँकेची सही-शिक्का घेतला (सही करणाऱ्या साहेबांनी 'पेढे कुठायत?' विचारलं, दिले), आर. टी. ओ.त जाऊन बोजा उतरवला, आणि त्या रात्री प्रथमच ही गाडी आपली आहे या भावनेने तिच्यावरची धूळ पुसली.

आणि त्याच आठवड्यात साडूंचा फोन आला, "हप्ते संपले ना? मग आता काढून टाका!"

सात वर्षं पोसली बँकेसाठी, आणि आपली झाल्याबरोबर काढून टाका! गाय दुधाला आली की कसायाकडे न्या, असा सल्ला देणाऱ्याला आपण काय म्हणू? पण गाडीच्या बाबतीत त्याला लोक 'व्यवहारी' म्हणतात.

आमचे साडू कोथरूडला राहतात. माणूस दिलदार. अडचणीला रात्री दोनला पुण्याहून धावत येतील. पण दर चार वर्षांनी गाडी बदलतात : २०१३, २०१७, २०२१, २०२५. ऑलिम्पिक चुकेल, साडूंची गाडी चुकायची नाही. त्यांचा एक मंत्र आहे : 'रिसेल व्हॅल्यू'. माझं खरं भांडण आहे ते या दोन शब्दांशी. साडूंशी नाही, त्यांच्याकडे दिवाळीला जायचं असतं.

रिसेल व्हॅल्यू म्हणजे काय? तर आपण घेतलेली गाडी उद्या दुसरा कोणी घेणार आहे, तेव्हा आजपासून त्याच्या आवडीनिवडी सांभाळायच्या. साडूंना निळा रंग आवडतो. गाड्या चारही पांढऱ्या. कारण पांढऱ्याला रिसेल आहे. २०१७ च्या गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी चार वर्षं काढलं नाही. मे महिन्यात त्या गाडीतून आम्ही पुणे-सातारा प्रवास केला आहे. खंबाटकी घाट येईपर्यंत माझा शर्ट पाठीला, पाठ प्लास्टिकला आणि प्लास्टिक सीटला असे आम्ही एकजीव झालो होतो. गाडीत वडापाव खायचा नाही. लहान मुलांना बूट काढून बसवायचं. आमच्या गावाहून येताना एक फणस द्यायला गेलो, तर साडू म्हणाले, "नको हो, डिकीला वास लागतो. पुढचा गिऱ्हाईक नाक मुरडेल." त्या पुढच्या गिऱ्हाइकाचा तेव्हा पत्ताही नव्हता! तो कुठेतरी सुखाने नांदत होता आणि इथे त्याच्यापायी एका कुटुंबाला बरका फणस वर्ज्य झाला होता. चार वर्षांनी गाडी गेली. नेणाऱ्याने पहिलं काय केलं असेल? आमच्या देखत टराटरा प्लास्टिक फाडलं आणि ऐसपैस बसला. सीट कोरी करकरीत. साडूंच्या चेहऱ्यावर मुलगी सासरी पाठवल्याचं समाधान.

मी कॉमर्सचा माणूस. घसारा हा शब्द मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. गाडीची किंमत कशी उतरते ते विम्याच्या कोष्टकात छापलेलंच असतं : सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, मग ४०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे गाडीचा निम्मा जीव पहिल्या पाच वर्षांत कागदावर जातो. जो चार वर्षांनी विकतो, तो हा सगळा उतार स्वतःच्या खिशातून उतरतो. आणि पुढची, स्वस्तातली वर्षं येतात तेव्हा किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो. बासुंदी आटवायची आपण, घाम गाळायचा आपण, आणि वाटी तोंडाला लावायची वेळ आली की शेजाऱ्याला हाक मारायची! यात व्यवहार कुठे आहे, हे साडूंनी मला एकदा पाटीवर लिहून दाखवावं.

मी मात्र लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात पहिल्या दिवसापासून गाडीचा खर्च टिपलेला आहे. आठ वर्षं, ७१,००० किलोमीटर. सर्व्हिसिंग ६२,०००. चार टायर २६,०००. क्लच प्लेट १९,०००. ती लवकर गेली, कारण कुंभार्ली घाटात आमची ही शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणते आणि माझा डावा पाय घाबरून क्लचवरच राहतो. दोन बॅटऱ्या ११,०००. सस्पेन्शनची खडखड १४,०००. ती मुळात पाटण-कोयनानगर रस्त्यावरच्या खड्ड्यांची देणगी. किरकोळ ९,७००, त्यात उंब्रजजवळ एका म्हशीने आरसा नेला तो धरला आहे. आणि ८,५०० रुपये या रकमेपुढे 'उंदीर' असं लिहिलं आहे.

हे उंदीरप्रकरण २०२० च्या लॉकडाऊनमधलं. आम्ही सगळे घरात आणि गाडी खाली झाकून ठेवलेली. दोन महिन्यांनी बॉनेट उघडलं तर आत एक कुटुंब सुखाने राहत होतं. आमच्या वायरी त्यांनी कुरतडल्या होत्या आणि बॉनेटच्या आतला कापूस ओढून बाळंतिणीची खोली केली होती. सर्व्हिस सेंटरमधल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने सांगितलं, "सर, कम्प्लीट वायरिंग हार्नेस रेकमेंडेड आहे. पंचेचाळीस हजार." त्याच्या बोलण्यातला 'रेकमेंडेड' मला लगेच ओळखू आला. फिक्स्ड डिपॉझिट ठेवायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला वीस वर्षांचा विमा विकताना आमच्या बँकेतही हाच शब्द वापरतात. मीही वापरला आहे. टार्गेट असतं. म्हणून त्या पोराचा राग आला नाही. फक्त गाडी तिथून उचलून आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी वायरी जोडल्या, एक सेन्सर बदलला, चार डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि म्हणाले, "साहेब, गाडी चालवत जावा. उभ्या गाडीत उंदीर येतात." मॅनेजमेंटच्या तीन ट्रेनिंगमध्ये मी इतकं उपयोगी वाक्य ऐकलेलं नाही.

डॅशबोर्डवरच्या पडद्याने मात्र पाचव्या वर्षी डोळे मिटले ते मिटलेच. नवा बसवायला ३८,००० सांगितले. मी विचार केला, अडतीस हजारांत मागे काय आहे ते बघायचं, त्यापेक्षा मान वळवावी. आता त्या काळ्या काचेत बघून ही केस सारखे करते आणि गाडी मागे घेताना आप्पा खिडकीतून हात बाहेर काढून 'येऊ दे, येऊ दे' म्हणतात.

तर वहीची बेरीज १,५०,२००. वर्षाला पडले १८,७७५. (पेट्रोल धरलेलं नाही, ते नव्या गाडीलाही पाणी चालत नाही.) २०२५ च्या सप्टेंबरात साडूंनी माझ्यासाठी जी नवी, मोठी गाडी पसंत केली, ती ऑन-रोड सतरा लाख. आमच्या गाडीचे शो-रूमवाले देणार तीन लाख दहा हजार. म्हणजे खिशातून जाणार तेरा लाख नव्वद हजार. तेवढ्या पैशांत माझी ही गाडी आणखी चौऱ्याहत्तर वर्षं दुरुस्त होत राहील! तेव्हा मी एकशेवीस वर्षांचा असेन आणि माझ्या दुरुस्तीचा खर्च जास्त असेल.

साडू म्हणाले, "म्हातारपणी खर्च वाढतो." मान्य. चौपट धरा. तरी साडेअठरा वर्षं निघतात, आणि आर. सी. ची पंधरा वर्षं तर २०३२ लाच भरतात. यावर साडू जीएसटीवर घसरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला, हे खरं. साडूंच्या मते किंमत ११ टक्क्यांनी उतरली. ती उतरते साडेआठ टक्क्यांनी, कारण १२९ चे ११८ होतात. (दुसऱ्यांदा का होईना, पास झालो आहे.) शिवाय नवी स्वस्त झाली की जुनीही स्वस्त होते, ज्या रिसेल व्हॅल्यूसाठी चार वर्षं प्लास्टिकवर बसलात, ती एका सोमवारी सकाळी दिल्लीहून खाली आली. आणि नवी गाडी घेतली की महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा पहिल्यापासून. पहिला भरलेला जुन्या गाडीबरोबर पुढच्या गिऱ्हाइकाला आंदण.

एका मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, ते कबूल करतो. नव्या गाडीत सहा एअरबॅगा असतात. आमच्या गाडीत दोन. साडूंनी हे सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो. त्या दिवसापासून मागच्या सीटवरही पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही आणि हायवेला ऐंशीच्या वर जात नाही. हे उत्तर नव्हे, मला माहीत आहे. त्या एकाच मुद्द्यासाठी दसऱ्याला शो-रूममध्ये गेलो.

आप्पांना बरोबर नेलं. आप्पा एक्याऐंशी वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. तेहेतीस वर्षं पायरीवर उभं राहून त्यांनी चालत्या गाडीत माणसं चढवली-उतरवली. ७१,००० किलोमीटर ऐकून त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "एवढ्यात तर आमच्या गाडीचं पहिलं ऑइल बदलायचं." २०२१ साली बाथरूममध्ये पडून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, खाली वाकून, खोल जागी बसायचं नाही. तोवर मला आमच्या गाडीची किंमत कळलेली नव्हती. वकीलसाहेबांच्या लांबलचक सुंदर गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. आमच्या गाडीची सीट मात्र आप्पांच्या कमरेच्या बरोबर रेषेत. दार उघडायचं, पाठ फिरवायची, टेकायचं, पाय आत घ्यायचे. संपलं. कोणाचा हात धरावा लागत नाही. हे कुठल्या जाहिरातीत नाही. लडाखला जाणाऱ्या त्या दाढीवाल्याला बाप नसावा.

शो-रूममधली ती सतरा लाखांची गाडी खरोखर देखणी होती. चढायला बाजूला पायरी होती. विक्रेता मुलगा नम्रपणे म्हणाला, "आजोबा, या पायरीवर पाय ठेवा आणि वरचं हँडल धरा." आप्पांनी काठी माझ्याकडे दिली, हँडल धरलं, डावा पाय पायरीवर ठेवला. उजवा जमिनीवरून उठेना. ते तसेच थांबले. दोन मिनिटं असतील. शो-रूममध्ये सनई लावलेली होती. मग त्या मुलाने आणि आणखी एकाने त्यांना दोन्ही काखांत धरून वर बसवायला हात पुढे केले, तेव्हा आप्पांनी हळूच पाय खाली घेतला आणि कंडक्टरच्या जुन्या आवाजात म्हणाले, "राहू दे. जागा नाही."

आम्ही परत आलो. वाटेत कोणी बोललं नाही. मुलीने मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला होता, तेवढंच.

साडूंना फोनवर मी जीएसटी, रोड टॅक्स आणि चौऱ्याहत्तर वर्षं एवढंच सांगितलं. पायरीचं सांगितलं नाही. त्यांनी पुढच्याच महिन्यात स्वतःची नवी गाडी घेतली. पांढरी.

परवा आमचा विम्याचा एजंट आला. गाडी पाच वर्षांच्या पुढे गेली की त्या कोष्टकात आकडाच नसतो. कंपनी आणि गाडीवाला यांनी किंमत आपापसात ठरवायची. म्हणजे ज्या गाडीची किंमत आठ वर्षं सगळं गाव परस्पर ठरवत होतं, ती ठरवायला आता मला अधिकृत आमंत्रण! आप्पांना तपासणीला न्यायचं होतं, ते आधीच पुढच्या सीटवर बसले होते. एजंट खिडकीपाशी वाकून म्हणाला, "साहेब, तीन लाख टाकू?" मी म्हटलं, "चार." तो म्हणाला, "आठ वर्षांच्या गाडीला चार कोण देतो? सव्वातीन." मी म्हटलं, "पावणेचार." तो म्हणाला, "पण साहेब, पडदासुद्धा चालत नाही."

आप्पांनी काठी उचलली आणि दाराच्या आतल्या बाजूला दोनदा मारली. टक, टक.

डबल बेल मिळाली. मी पहिला गिअर टाकला.